कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियम आणि तांबडा गाळ



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर, नाटकावर, स्वातंत्र्यलढ्यावर पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. कॉस्टिक सोड्याच्या इतिहासावर व्याख्यान ऐकण्याची पाळी मात्र आपणांवर बहुधा प्रथमच येत असावी. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. उमेदीची सारी वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा जाणकारांनी माझा अधिकार पाहू नये. चुकलो तर कान मात्र जरूर धरावा.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी कापड धुण्या-रंगवण्याच्या एका कारखान्यात, कापड कॉस्टिकच्या पाण्यात उकळण्याच्या खात्यात, आमच्या एका सभासदाच्या गमबुटात ते पाणी शिरले. पाणी निवलेले होते, त्यामुळे चटका बसला नाही. पाय नुसता बुळबुळीत लागला. साबणाचे पाणी गेले असेल असे समजून त्याने उरलेली पाळी पुरी केली. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोज्याबरोबर कातडी निघाली. अपघाताच्या वहीत ‘किरकोळ’ अशी नोंद झाली आणि ती बदलून घेण्यासाठी आम्हांला चार महिने भांडावे लागले. त्या भांडणात मालकाच्या बाजूचा एक अधिकारी मला म्हणाला, “एवढी मोठी जखम होती, तर तुमचा माणूस ओरडला का नाही?”

त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधावयास म्हणून मी कॉस्टिकविषयी वाचू लागलो, आणि वाचता वाचता एका अशा इतिहासाशी येऊन पोचलो की ज्याचा अर्धा भाग सर्वत्र सांगितला जातो आणि उरलेला अर्धा कोणी सांगत नाही. तो दुसरा अर्धा भाग आज आपणांपुढे ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

स्वयंपाकघरातील रसायन

प्रारंभ घरापासून करू. ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने घासू नये, असे जाणत्या गृहिणी सांगतात. सोड्याच्या कढत पाण्यात ते राहिले तर काळवंडते, खरबरीत होते आणि पुढेपुढे त्याला बारीक खड्डे पडतात. असे का व्हावे? ॲल्युमिनियम हा मुळात फार उतावळा धातू आहे. हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, आणि हा पापुद्राच खालच्या धातूचे रक्षण करतो. सोड्याचे पाणी नेमका हा पापुद्रा विरघळवते. चिलखत गेले की धातू उघडा पडतो, पाण्याशी झगडू लागतो, हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात आणि पातेले झिजत जाते. धुण्याच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा असेल, तर हेच काम पाहता पाहता होते.

आता दुसरा अनुभव घ्या. लोखंडावरचा गंज लिंबाने निघतो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात. गंज आणि तांब्यावरचा काळपट थर ही त्या त्या धातूंची ऑक्साइडेच होत. धातूंच्या ऑक्साइडांची सर्वसाधारण रीत अशी की ती आम्लात विरघळतात आणि अल्काला, म्हणजे सोडा-चुन्याच्या जातीच्या पदार्थांना, दाद देत नाहीत. गंजलेला खिळा कॉस्टिकच्या पाण्यात टाकला तर गंज जागच्या जागी राहील. परंतु ॲल्युमिनियम, जस्त, कथील, शिसे अशा काही धातूंची ऑक्साइडे दोन्ही घरची पाहुणी आहेत. ती आम्लातही विरघळतात आणि कडक अल्कातही. शास्त्रज्ञ त्यांना उभयधर्मी म्हणतात.

याचे कारण थोडक्यात असे. कॉस्टिकच्या पाण्यात हायड्रॉक्सिल नावाचे कण मोकळे हिंडत असतात. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची ही जोडी असून तिच्यावर ऋण विद्युत्‌भार असतो. ऑक्साइडातील ॲल्युमिनियमचा कण लहान आहे आणि त्याच्यावर तीन धन भार आहेत. तो चार हायड्रॉक्सिल आपल्याभोवती ओढून घेतो. असा जो समूह बनतो त्याच्यावर एक ऋण भार शिल्लक राहतो, आणि तो सोडियमच्या सोबतीने पाण्यात निघून जातो. या द्रावणाला सोडियम ॲल्युमिनेट म्हणतात. तांबड्या ऑक्साइडातील लोखंडाच्या कणावरही तीनच धन भार आहेत. पण तो थोडा मोठा आहे, आणि ऑक्सिजनशी बसलेली त्याची घडी कॉस्टिकला सहसा उसवता येत नाही. म्हणून तो तळाशी बसून राहतो.

म्हणजे कॉस्टिक सोड्याला निवड करता येते. एकाच ढेकळात ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही असतील, तर तो पहिल्याला उचलतो आणि दुसऱ्याला टाकतो. जगातील बहुतेक सारे ॲल्युमिनियम आज या एका गुणावर निघते.

रंगाऱ्याची अडचण

हा गुण कामाला लावला गेला तो मात्र ॲल्युमिनियम धातूसाठी नाही. तो लावला गेला कापडाच्या रंगासाठी, आणि हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. कारण माझा सभासदही कापडाच्याच खात्यातला होता.

मंजिष्ठाचा लाल रंग सुती कापडावर आपण होऊन बसत नाही. कापडाला आधी तुरटीचा हात द्यावा लागतो. तुरटीतील ॲल्युमिनियम धाग्याला धरते, रंग ॲल्युमिनियमला धरतो, आणि मग तो धुऊन जात नाही. आपले जुने रंगारी हे शतकानुशतके जाणत होते. त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तुरटीत लोखंडाचा थोडा जरी अंश असला तरी लाल रंग मळतो, जांभळट-तपकिरी होतो. लोखंडाचे क्षार मंजिष्ठाबरोबर जांभळा-काळा रंग देतात. म्हणून झळझळीत लाल हवा असेल तर लोखंडापासून मुक्त असे ॲल्युमिनियम पाहिजे. १८६८-६९ साली मंजिष्ठातील रंगद्रव्य, अलिझारिन, जर्मनीत कृत्रिम रीतीने तयार झाले. लाल कापडाच्या धंद्यात रंग आता कारखान्यातून येऊ लागला. पण त्याला धरून ठेवणारे शुद्ध ॲल्युमिनियम संयुग लागतच राहिले.

कच्चा माल ठाऊक झाला होता. १८२१ साली प्येर बेर्तिए या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दक्षिण फ्रान्समधील ले बो या गावाजवळची तांबूस ढेकळे तपासली. त्यांत सुमारे निम्मा भाग ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि पाव भाग लोखंडाचे ऑक्साइड होते, बाकी पाणी. त्या गावावरूनच पुढे या खनिजाला बॉक्साइट हे नाव पडले. आपल्याकडील माणसाला ते समजावयास कठीण नाही. कोकणातला जांभा दगड आपण सर्वांनी पाहिला आहे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील बाकीचे घटक धुऊन नेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे उरले, असा तो दगड. लोखंडाचा वाटा मोठा असेल तो जांभा, आणि ॲल्युमिनियमचा वाटा मोठा असेल तो बॉक्साइट. दोघे भाऊच आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-शाहूवाडीकडच्या उंच सड्यांवर हे दोघे शेजारी शेजारी सापडतात.

या ढेकळातून ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, ज्याला ॲल्युमिना म्हणतात, ते वेगळे काढण्याची एक रीत १८५५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई ल शातेलिए याने काढली आणि सँत-क्लेर दव्हील या रसायनज्ञाने ती वापरात आणली. धुण्याचा सोडा आणि बॉक्साइट एकत्र करून हजार अंशांहून जास्त उष्णतेच्या भट्टीत भाजावयाचे, भाजलेला माल पाण्यात काढावयाचा, आणि त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडून ॲल्युमिन्याचा साका पाडावयाचा. रीत चालत असे. परंतु भट्टीला इंधन अतोनात लागे.

बायर आणि त्याचे विरजण

येथे कार्ल योझेफ बायर याचा प्रवेश होतो. ॲस्पिरिनमुळे ज्या कंपनीचे नाव आपण ऐकतो तिच्याशी या बायरचा काही संबंध नाही. त्याचा जन्म १८४७ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील बीलिट्स या गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. हायडेलबर्ग येथे सुप्रसिद्ध बुन्सेनच्या हाताखाली तो शिकला. १८८५ साली तो रशियात गेला आणि सेंट पीटर्सबर्गच्या तेंतेलेव रासायनिक कारखान्यात काम करू लागला. त्या कारखान्याला सुती कापड रंगवणाऱ्यांसाठी ॲल्युमिनियमचे संयुग पुरवावयाचे होते. बायरपुढचा प्रश्न रंगाऱ्याचा होता, हे विसरता कामा नये.

१८८७ साली त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. सोडियम ॲल्युमिनेटचे द्रावण थंड करून ठेवले तर त्यातील ॲल्युमिनियम बाहेर पडावयास फार वेळ घेते. परंतु आधीच तयार असलेल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे थोडे कण त्यात टाकून ते ढवळत ठेवले, तर त्या कणांवर नवे नवे थर बसत जातात आणि साका आपण होऊन पडतो. वायू सोडण्याची गरज उरत नाही. आपल्या घरांत हे रोजचेच आहे. खडीसाखर दोऱ्याभोवती धरते; दुधाला कालच्या दह्याचे विरजण लावले की दही लागते. बायरने द्रावणाला विरजण लावले असे म्हणण्यास हरकत नाही. शिवाय हा साका स्फटिकांचा, रवाळ होता. तो चटकन गाळता येई आणि स्वच्छ धुता येई. १८८८ साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले.

दुसरी पायरी १८९२ ची. बॉक्साइट भट्टीत भाजण्याऐवजी त्याची पूड करून, कॉस्टिकच्या कडक द्रावणात, बंद भांड्यात, दाबाखाली तापवली तर ॲल्युमिना सरळ विरघळतो आणि लोखंड तसेच राहते, हे त्याने दाखवले. आपला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर चालतो तेच येथेही. दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर नेता येते. काही जातीचा बॉक्साइट दीडशे अंशांच्या आसपास विरघळतो, काहींना अडीचशेच्या जवळ जावे लागते.

या दोन पायऱ्या जोडल्या की चक्र पुरे होते. गरम आणि कडक द्रावणात ॲल्युमिना विरघळवा. न विरघळलेला तांबडा भाग खाली बसू द्या आणि गाळून वेगळा करा. निवळ द्रावण थंड करून त्याला विरजण लावा. पांढरा साका काढून घ्या. आणि मागे राहिलेले कॉस्टिक आटवून पुन्हा नव्या बॉक्साइटवर घाला. कॉस्टिक खर्च होत नाही, फिरत राहते. ज्या पदार्थाने निवड केली तोच परत हाती येतो. औद्योगिक रसायनात इतकी काटकसरीची कृती विरळा. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, यंत्रे बदलली, भांडी मोठी झाली. परंतु कृतीचा सांगाडा बायरचाच आहे.

आणि आता योगायोग पाहा. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या दोन तरुणांनी एकमेकांच्या नकळत, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून विजेच्या साहाय्याने धातू काढण्याची रीत शोधली. दोघेही १८६३ साली जन्मले आणि दोघेही १९१४ साली वारले. त्यांच्या कृतीला शुद्ध ॲल्युमिना हवा होता, आणि तो रंगाऱ्यांसाठी म्हणून बायरने नुकताच स्वस्त केला होता. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर १०० औंसांचा, म्हणजे पावणेतीन किलोंहून थोडा अधिक, ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला गेला, तेव्हा हा धातू किमतीला जवळजवळ चांदीच्या बरोबरीचा होता. पुढच्या काही वर्षांतच तो सामान्य माणसाच्या आटोक्यात आला. १८९३ साली फ्रान्समधील गार्दान येथे बायरच्या कृतीचा कारखाना उभा राहिला. पुढे विमाने आली, विजेच्या तारा आल्या आणि आपल्या घरांतली पातेली आली. बायर स्वतः १९०४ साली वारला. या साऱ्याचा विस्तार त्याने पाहिला नाही.

येथवरचा इतिहास पुस्तकांतून मिळतो, आणि तो थोर आहे यात मला शंका नाही.

तळाशी काय राहिले

आता दुसरा अर्धा भाग. निवडीत जे टाकले गेले त्याचे काय झाले?

सुमारे दोन ते तीन टन बॉक्साइटमागे एक टन ॲल्युमिना मिळतो; दोन टन ॲल्युमिन्यामागे एक टन धातू. प्रत्येक टन ॲल्युमिन्यामागे साधारण एक ते दीड टन तांबडा गाळ निघतो. त्याचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडाचा. कापडाच्या लाल रंगात लोखंड येऊ नये म्हणून ज्या कृतीचा जन्म झाला, तिने ते लोखंड तांबड्या चिखलाच्या रूपाने बाहेर टाकले. आज जगात दर वर्षी असा पंधरा कोटी टनांहून अधिक गाळ निघतो. सिमेंटसारख्या कामी त्यातला फार थोडा भाग जातो. बाकीचा साठत राहतो.

नुसत्या लोखंडाच्या मातीचे भय वाटण्याचे कारण नाही. कोकणात आपण तिच्यावर घरे बांधतो, आंबे पिकवतो. भय आहे ते त्या मातीबरोबर गेलेल्या कॉस्टिकचे. आणि कॉस्टिक तर परत येते असे मी आताच सांगितले. मग गाळात ते कसे?

दोन वाटांनी. पहिली वाट चिकणमातीची. बॉक्साइटमध्ये चिकणमातीच्या रूपाने सिलिका असते. कॉस्टिक तिलाही विरघळवते. परंतु विरघळलेली सिलिका थोड्या वेळाने ॲल्युमिना आणि सोडा यांना धरून एक नवाच घन पदार्थ बनवते आणि गाळात जाऊन बसते. म्हणून सिलिका जास्त असलेला बॉक्साइट पाहिला की कारखानदार नाक मुरडतो. हा बांधलेला सोडा पुढे वर्षानुवर्षे थोडा थोडा सुटत राहतो, आणि गाळ जुना झाला तरी त्याचा अल्कधर्म लवकर जात नाही.

दुसरी वाट हिशेबाची आहे, आणि युनियनच्या माणसाला ती जास्त ओळखीची वाटते. गाळाच्या कणाकणांत कॉस्टिकचे पाणी अडकलेले असते. ते काढण्यासाठी गाळ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात आणि धुवण परत चक्रात घेतात. पण प्रत्येक जादा धुण्यामागे जादा पाणी येते, आणि ते आटवावयाचे म्हणजे इंधन लागते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत पुष्कळ कॉस्टिक मिळते. पुढे पुढे मिळणाऱ्या कॉस्टिकची किंमत कमी होत जाते आणि इंधनाची तशीच राहते. जेथे ही दोन्ही पारडी बरोबर होतात तेथे धुणे थांबवणे फायद्याचे ठरते. म्हणजे गाळात किती कॉस्टिक उरावे, हे ठरवण्यात रसायनाइतकाच जमाखर्चाच्या वहीचा हात असतो. त्या वहीत इंधनाचा दर असतो, कॉस्टिकचा दर असतो. बांधाच्या खाली राहणाऱ्या माणसाला मात्र त्या वहीत रकाना नसतो.

गाळ टाकावयाच्या जागाही त्याच वहीने ठरवल्या. गार्दानच्या कारखान्याचा गाळ १९६० नंतरच्या दशकापासून नळाने भूमध्य समुद्राच्या खोल दरीत सोडला जाऊ लागला. तो २०१५ च्या अखेरीस बंद झाला. अन्यत्र मातीचे बांध घालून तळी केली आणि पातळ गाळ त्यांत सोडला. आपल्या देशात ॲल्युमिन्याचा कारखाना १९४८ साली मुरी येथे, आजच्या झारखंडात, सुरू झाला. त्यानंतर रेणुकूट, कोरबा, बेळगाव, दामनजोडी येथे कारखाने झाले. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरचा बॉक्साइट ट्रकांतून बेळगावकडे जाताना त्या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. सड्यावरचा दगड गेला, त्याचा पांढरा भाग देशभर गेला, आणि तांबडा भाग कोठे तरी साठून राहिला. बॉक्साइट जेथे जेथे जातो तेथे तेथे हे असेच होते.

४ ऑक्टोबर २०१०

हंगेरी देशात आयका नावाचे गाव आहे. तेथील ॲल्युमिन्याच्या कारखान्याच्या गाळाच्या तळ्याचा कोपरा ४ ऑक्टोबर २०१० रोजी, दुपारी बाराच्या सुमारास फुटला. सहा ते सात लाख घनमीटर तांबडा गाळ आणि त्यावरचे कॉस्टिकचे पाणी लाटेसारखे खाली आले. कोलोंतार आणि देवेचेर या गावांत ते घराघरांत शिरले. सुमारे ४० चौरस किलोमीटर जमीन त्याखाली आली. दहा माणसे मेली. शंभराहून अधिक जखमी झाली. अल्कधर्म मोजण्याच्या मापावर साध्या पाण्याचा अंक ७. या गाळाचा १३ च्या आसपास होता. तो तोर्ना ओढ्यातून मार्त्साल नदीत गेला आणि त्या नदीतले जीवन संपले. डॅन्यूबपर्यंत त्याचा जोर पोचू नये म्हणून नदीत जिप्सम आणि आम्ल ओतावे लागले.

या दुर्घटनेच्या बातम्यांत मला त्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. गाळातून चालत गेलेल्या कित्येकांना प्रथम फार त्रास जाणवला नाही. त्यांच्या जखमा मागाहून वाढल्या. काहींच्या तर काही दिवसांनी. आम्ल कातडीवर पडले की मांसातील द्रव्ये गोठवते, एक खपली धरते, आणि ती खपलीच त्याला आत जाण्यास थोडी आडकाठी करते. शिवाय ते तत्काळ झोंबते, म्हणून माणूस पाण्याकडे धावतो. अल्काची तऱ्हा निराळी. ते कातडीतल्या चरबीचा साबण करते आणि मांसातील द्रव्ये मऊ करून विरघळवत आत आत जाते. खपली धरत नाही, वाट अडत नाही, आणि सुरुवातीला नुसते बुळबुळीत लागते. बॉक्साइटमधल्या ॲल्युमिन्याला चुकवून न सोडणारे कॉस्टिक माणसाच्या कातडीलाही तसेच सोडत नाही. माझा सभासद ओरडला नाही तो यामुळे. त्याला चार महिने खोटे ठरवले गेले, ते ओरडणे हाच दुखापतीचा पुरावा मानला गेला म्हणून.

आयकाच्या खटल्यात २०१६ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. तो निकाल रद्द होऊन फेरसुनावणी झाली आणि २०१९ साली त्यांपैकी काहींना दोषी ठरवण्यात आले. त्याच वर्षी, ९ एप्रिल २०१९ रोजी, आपल्या देशात मुरी येथे तांबड्या गाळाच्या साठ्याचा बांध खचला आणि गाळ भोवतालच्या जमिनीवर पसरला. बांध फुटणे ही हंगेरीतली गोष्ट आहे असे समजून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

हिशेब पुरा करावयाचा तर

कोणी म्हणेल, तुम्हांला ॲल्युमिनियम नको आहे काय? मला ते हवे आहे. ज्या पातेल्यात माझ्या आईने आम्हां भावंडांना भात शिजवून घातला ते ॲल्युमिनियमचेच होते. तांब्यापितळेची आमची ऐपत नव्हती. बायरने धातू गरिबाच्या चुलीपर्यंत आणला हे त्याचे ऋण मी मानतो. माझे म्हणणे एवढेच की निवड करणाऱ्याने निवडलेल्या मालाबरोबर टाकलेल्या मालाचाही हिशेब ठेवला पाहिजे. बायरच्या कृतीचे मोठेपण कॉस्टिक परत मिळवण्यात आहे. ते परत मिळवणे फायदा संपतो तेथे न थांबवता धोका संपेपर्यंत चालवणे, ही मागणी त्या कृतीच्या विरुद्ध नाही, तिच्याच पोटातली आहे.

आणि ही मागणी अशक्यही नाही. गाळ अधिक धुता येतो. मोठ्या दाबयंत्रांत पिळून जवळजवळ कोरडा करता येतो. तसा केला तर तो लाटेसारखा वाहत नाही, रचून ठेवता येतो. कित्येक कारखान्यांनी ती वाट धरली आहे. बांधांची तपासणी कारखान्याबाहेरच्या माणसांकडून व्हावी आणि तिचे निष्कर्ष खालच्या गावाला वाचावयास मिळावेत. खात्यात कॉस्टिक हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला डोळ्यांचे चष्मे मिळावेत, आणि दहा पावलांत वाहते पाणी असावे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही डोळ्यांच्या रक्षणाचे कलम होते. कलम कागदावर राहते आणि चष्मा कपाटात राहतो, हा आमचा अनुभव आहे. कॉस्टिक अंगावर पडले तर पहिला उपाय पाणी, दुसरा उपाय पाणी आणि तिसराही पाणीच: ताबडतोब, भरपूर आणि बराच वेळ. बुळबुळीत लागले तरी, दुखले नाही तरी. आपल्यापैकी कोणाच्या घरी मोरी साफ करण्यासाठी कॉस्टिक येत असेल, त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे.

त्या सभासदाची नोंद अखेर ‘किरकोळ’ वरून ‘गंभीर’ अशी बदलली गेली. त्याला भरपाई मिळाली, पाय पुष्कळ अंशी बरा झाला आणि तो पुन्हा कामावर आला; पण दुसऱ्या खात्यात. त्याच्या जागी नवा मुलगा आला तेव्हा हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम त्या खात्यात गेला, त्या मुलाला पाण्याचा नळ दाखवला आणि म्हणाला, “बाळा, हे पाणी झोंबत नाही. म्हणूनच जप.”

रसायनाचे चार ग्रंथ वाचून मी जे शिकलो ते त्याने त्या मुलाला दोन वाक्यांत सांगितले.